कोण्या गावचे म्हणायचे तुम्ही? मराठवाड्यात नव्यानं आलेल्यांसाठी

आमच्याकडं बदलून आलेल्या माणसाची पहिली तक्रार उन्हाची नसते, पाण्याची नसते. ती असते, "इथले लोक फार विचारतात हो." बसमध्ये शेजारी बसलेला म्हातारा गाव विचारतो, आडनाव विचारतो, लग्न झालं का विचारतो, पगार विचारतो, आणि हे सगळं कंडक्टर तिकिटाला यायच्या आत. ठाण्याहून आलेल्या एका सहकाऱ्यानं मला अगदी गंभीरपणे विचारलं होतं, "ह्यांना काय करायचंय माझ्या पगाराशी?" काहीही करायचं नसतं.

मी मूळचा परभणी जिल्ह्यातला. मधली नऊ वर्षं पुण्यात काढली आणि तिथं माझी उलटी फजिती झाली. सिटी बसमध्ये शेजारच्या गृहस्थांना मी सवयीनं विचारलं, "कोणचं गाव तुमचं?" त्यांनी कानातली वायर काढली आणि म्हणाले, "काय काम होतं?" मी म्हणालो, "उगं." उगं म्हणजे सहज, कारण नसताना. हा शब्द पहिल्याच दिवशी शिकून घ्या, इथली निम्मी बोलणी उगंच चालतात. त्या गृहस्थांना मात्र तो कळला नाही, आणि पुढच्या तीन स्टॉपपर्यंत आम्ही दोघं दोन खिडक्यांतून बाहेर बघत बसलो. आता ठिबक सिंचनाच्या कामानं आठही जिल्ह्यांत हिंडतो. नव्यानं लागलेल्या पोरापोरींना पहिल्यांदा गावात न्यायचं काम माझ्याच गळ्यात पडतं. गाडीत त्यांना जे सांगतो तेच इथं लिहून काढलंय.

आधी एवढं समजून घ्या. मोठ्या शहरात अनोळखी माणसाला त्याच्यापुरतं राहू देतात. लोकलमध्ये कुणी कुणाला काही विचारत नाही, त्यात उद्धटपणा नसतो. गर्दीत एकमेकांना दिलेली ती मोकळीक असते. आमच्याकडं अनोळखी माणूस म्हणजे ज्याची अजून 'वळख निघाली' नाही असा माणूस. तुमच्या गावात आमची चुलत बहीण दिलेली असू शकते, तुमच्या तालुक्याला आमचा पोरगा शिकायला असू शकतो, तुमच्या साहेबाचा साडू आमच्या शिवेवरचा निघू शकतो. असा एखादा धागा हाताला लागेपर्यंत प्रश्न थांबत नाहीत. लागला की प्रश्न संपतात आणि चहा येतो.

१. आधी हाक ठरवा

"एक्सक्यूज मी"ला इथं कुणी मागं वळून बघत नाही. नातं लावून हाक मारा. वयानं मोठ्या शेतकऱ्याला 'मामा' म्हणणं सगळ्यात बिनधोक. काकाही चालतं, पण मामा जास्त गोड लागतं; चुलत्याशी बांधावरून भांडण असू शकतं, मामाशी नसतं. बरोबरीच्याला 'दादा' किंवा 'भाऊ'. मोठ्या बाईला 'मावशी', तिशीच्या आतबाहेर असेल तर 'ताई'. 'वहिनी' मात्र नवऱ्याशी ओळख असल्याशिवाय म्हणू नका. अण्णा, अप्पा, तात्या, बापू ही त्या त्या माणसाची घरातली नावं असतात. गावातल्या दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकल्यावरच वापरा, नाहीतर अप्पाला तात्या म्हणून बसाल.

मुंबईत 'भैया' म्हटलं की त्यात एक हिणकस सूर येतो. इथं 'भैय्या' हे थोरल्या मुलाचं लाडाचं आणि मानाचं नाव आहे. उलट 'दाजी' हा शब्द जपून. दाजी म्हणजे बहिणीचा नवरा, त्यामुळं त्यात थट्टा दडलेली असते. ती थट्टा मित्रांनी करावी, काल आलेल्यानं नाही. तुम्हाला स्वतःला 'पाव्हणं' म्हणतील, ते निमूट घ्या. हातात फाईल असली तर 'साहेब' म्हणतील आणि कितीही नको म्हणालात तरी पहिल्या दिवशी ते सुटणार नाही. म्हातारी माणसं तुम्हाला 'तू' म्हणतील, बावीस वर्षांच्या पोरीलासुद्धा एखादी आजी "बस माय" म्हणेल. ते प्रेम आहे. तुम्ही मात्र 'तुम्ही'च म्हणा.

नमस्काराला एकच नियम: समोरून जो आला तोच परत द्या. रामरामला रामराम, जय भीमला जय भीम, सलामला सलाम, गळ्यात तुळशीची माळ असलेला "राम कृष्ण हरी" म्हणाला तर तुम्हीही तेच. नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्याच्या परिसरात "सत श्री अकाल" कानावर येईल. तिथले कित्येक शीख पिढ्यान्‌पिढ्या नांदेडचेच आहेत आणि तुमच्यापेक्षा चांगलं मराठवाडी बोलतात. आपण पहिल्यांदा बोलणार असू तर रामराम किंवा साधा नमस्कार. कपड्यांवरून, टोपीवरून, कपाळावरून अंदाज बांधून नमस्कार निवडायला जाऊ नका, हमखास चुकतो.

२. चार प्रश्नांची उत्तरं खिशात ठेवा

गाव, आडनाव, काम आणि घरदार. क्रम बहुतेक हाच.

गाव विचारलं की "मुंबई" म्हणून मोकळं होता येत नाही. मुंबई कुणाचंच गाव नसतं, असं इथं धरून चालतात. लगेच पुढचा प्रश्न येतो, "तसं नाही, मूळ गाव?" तेव्हा आजोबांचं गाव, तालुका, जिल्हा तोंडपाठ ठेवा. आमच्या रत्नागिरीच्या पोरीला गंगाखेडच्या बसमध्ये एका बाबांनी गाठलं.

"कोण्या गावच्या म्हणायच्या?"
"रत्नागिरी."
"रत्नागिरीला कुठं?"
"संगमेश्वर तालुका."
"पाऊस लई पडतंय म्हणं तिकडं?"
"हो, खूप."
"दे की मंग उलसाक इकडं."

ती हसली आणि तिथून पुढं गंगाखेडपर्यंत बाबांनी तिला कापसाचं बोंड कसं वेचतात ते शिकवलं. त्या बाबांना रत्नागिरीत कुणी ओळखीचं नव्हतं. पावसावर भागलं.

"कुणीकडं निघालात?" हा वेगळाच प्रकार आहे. ह्याला उत्तर लागतच नाही. "हे काय, जाऊन येतो जरा" एवढं पुरतं. ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की नावाच्या मानववंशशास्त्रज्ञानं १९२३ मध्येच लिहून ठेवलंय की, माणसं पुष्कळदा माहिती मिळवायला बोलत नाहीत, नुसतं नातं जुळतं ठेवायला बोलतात. आणि "कुठून आलात" हा प्रश्न त्यानं त्याच यादीत घातला होता. तो न्यू गिनीजवळच्या बेटांवर राहून आला होता, पण परभणीच्या स्टँडवर अर्धा तास बसला असता तरी त्याचं काम झालं असतं. एक बारकावा आहे. निघालेल्या माणसाला "कुठं निघालात?" असं विचारू नये, काम होत नाही, असं जुनी माणसं मानतात. म्हणून 'कुणीकडं'. तुम्ही मानत नसाल तरी शब्द तेवढा पाळा.

पगाराला "भागतंय की" हे उत्तर आहे. आकडा सांगायची गरज नाही, आणि "पर्सनल आहे" म्हणायचीही नाही. "पर्सनल" म्हटलं की समोरचा गप्प होतो आणि तुमच्याबद्दल दुसऱ्याच कुणाला तरी विचारतो. लग्न झालं नसेल तर "बघायचं चालू आहे" असं चुकूनही म्हणू नका. पुढच्या दोन स्टॉपांत तीन स्थळं निघतात. "घरच्यांवर सोडलंय" म्हणा. मूलबाळ, घटस्फोट, आजारपण, असलं काही विचारलं आणि सांगायचं नसेल तर "हाय, चाललंय देवाच्या दयेनं" म्हणून विषय पावसाकडं वळवा. थोडं खोटं बोललात तरी चालतं, माझं तरी हेच मत आहे. बसमधल्या माणसानं विचारलं म्हणून सगळं खरं सांगायची शपथ आपण घेतलेली नसते.

आता ह्या पायरीतली खरी गोम. नवी माणसं उत्तरं देतात, पण उलट विचारत नाहीत. मग बोलणं चौकीतल्या जबानीसारखं होतं, आणि समोरच्यालाही वाटतं की ह्याला आपल्याशी बोलायचं नाही. "आणि तुमचं कोणचं गाव?" हे विचारलंच पाहिजे. त्यानंतर पाऊस, मग सोयाबीनला किंवा कापसाला काय भाव लागला, बोअरला किती फुटावर पाणी लागलं. हे प्रश्न कुणालाही, कधीही चालतात. पाणी किती फुटावर लागलं हे सांगताना माणूस ज्या तपशिलात शिरतो तसा तो स्वतःच्या लग्नाबद्दलही बोलत नाही.

सरावाला एसटीसारखी जागा नाही. खिडकीतून दस्ती टाकून जागा धरायची (दस्ती म्हणजे हातरुमाल), मग "सरका की जरा" म्हणून दोघांच्या सीटवर तिसरा बसतो आणि शाळा सुरू. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत झाली आणि १७ मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं तिकीट. तेव्हापासून बोलायला उत्सुक आणि वेळ हाताशी असलेली माणसं गाडीत वाढली आहेत. शिकागो विद्यापीठातल्या निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी २०१४ साली रोजच्या प्रवाशांवर एक प्रयोग छापला होता. लोकांना आधी वाटत होतं की गप्प बसून प्रवास बरा होईल. ज्यांना मुद्दाम शेजाऱ्याशी बोलायला लावलं त्यांचाच प्रवास जास्त बरा झाला. आमच्या गंगाखेडच्या बाबांना हे सांगितलं तर ते विचारतील, त्या दोघांचं गाव कोणचं.

३. पाणी आणि चहा

कुणाच्याही दारात गेलात की पहिल्यांदा तांब्या येतो. तहान नसली तरी दोन घोट घ्या, तांब्या तोंडाला न लावता वरून. पण उरलेलं पाणी अंगणात ओतू नका, चुळा भरू नका. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारी गावं आजही आहेत. त्या तांब्यातलं पाणी कुणीतरी डोक्यावरून आणलेलं असू शकतं, आणि तरी ते तुमच्यापुढं ठेवलंय. नको असेल तेवढं तांब्यातच राहू द्या.

चहाचं नाटक तीन अंकी असतं. "चहा घ्या की." "नको, आत्ताच झाला." "आमच्या घरचा कुठं झाला?" दुसऱ्यांदा नको म्हणता येतं, तिसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा "बरं, अर्धा" म्हणायचं. अर्धा म्हटलं तरी पूर्णच येतो, ते सोडा. साखर सरबतासारखी असते. खरंच नको असेल तर दोन सबबी चालतात: उपास, किंवा शुगर. "शुगर आहे" म्हटलं की सगळं घर हळहळतं आणि बिनसाखरेचा चहा येतो. म्हणजे चहा येतोच.

हॉटेलात चहाचे पैसे द्यायला दोघं-तिघं झटापट करतील. नव्या माणसानं फार ओढाताण करू नये. "उद्याचा माझ्याकडं" म्हणा आणि उद्या खरंच द्या.

लातूर किंवा धाराशिवला असाल तर मार्गशीर्ष अमावस्येच्या दिवशी शहर ओस पडलेलं दिसेल. घाबरू नका, ती येळवस. वेळ अमावस्या. सगळी माणसं शेतात गेलेली असतात. कडब्याची खोप करून पूजा करतात आणि मग भज्जी, ज्वारीचे उंडे, आंबील असं जेवण. ज्यांना स्वतःचं शेत नाही त्यांना कुणीतरी बोलावतंच. रस्त्यानं जाणाऱ्यालाही हाक मारून बसवतात. ऑफिसातल्या कुणी "उद्या शेतात या" म्हटलं तर ते तोंडदेखलं आहे का, हा विचार करत बसू नका. जा. मिठाईचा पुडा नेला नाही तरी चालतं, पण पोट रिकामं ठेवून जा.

४. रस्ता विचारताना

"माहीत नाही" म्हणणं इथं जरा तुसडेपणाचं वाटतं. त्यामुळं ज्याला रस्ता माहीत नाही तोही हात करतो. म्हणून दोन माणसांना विचारा, दोन हात एकाच बाजूला झाले तर निघा. "हे काय, जवळच हाय" ह्याचा अर्थ अर्धा किलोमीटर ते चार किलोमीटर. "पायी की गाडीवर?" असं विचारलं की अंदाज येतो. खुणा ठरलेल्या असतात: पार, वेस, मारुती, गढी, पाण्याची टाकी, झेडपीची शाळा. उजवं-डावं कमी, 'वरल्या अंगानं', 'खालच्या अंगानं' जास्त. ओढा ज्या बाजूला वाहतो तो खालचा अंग. शेतात जायची वाट म्हणजे पांद, ती मोबाईलच्या नकाशात असेलच असं नाही आणि पावसाळ्यात असली तरी उपयोग नाही.

माणसाचं घर शोधत असाल तर नुसतं आडनाव पुरत नाही. एका आडनावाची चाळीस घरं असतात. नाव, वडलांचं नाव आणि जमलं तर धंदा किंवा पोराचं नाव सांगा. बहुतेक वेळा कुणीतरी मोटरसायकलला किक मारून "बसा मागं" म्हणेल. बसा. पेट्रोलचे पैसे विचारू नका, त्याला राग येईल.

औसा, लोहारा, उमरगा ह्या भागात 'जुनं गाव' की 'नवं गाव' हे विचारून घ्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर कितीतरी गावं दुसऱ्या जागी वसवली गेली. आणि तिथल्या वयस्क माणसाशी बोलताना भूकंपाचा विषय आपणहून काढू नका. त्याला सांगायचं असेल तर तो सांगेल, आणि सांगायला लागला तर घड्याळ बघू नका.

५. कान बोलीला लावा

पहिल्या आठवड्यात तुम्हाला वाटेल सगळे भांडतायत. आवाजच तेवढा असतो. एका बांधावरून दुसऱ्या बांधावर बोलायची सवय. चेहरा बघा, हसत असेल तर गप्पा आहेत.

मराठवाडी म्हणून एकच बोली नाही. परभणी-हिंगोलीकडं "मी जायलो", लातूर-उदगीरकडं "जाऊलालो", संभाजीनगर-जालन्याकडं "जाऊ राहिलो", तिन्हींचा अर्थ जातोय. बीडच्या बाजूला "मपलं" म्हणजे माझं, "तुपलं" म्हणजे तुझं. "कामून" म्हणजे का, "हौ" म्हणजे हो. परत येण्याला "वापस" म्हणतात. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, दरबारची भाषा उर्दू, त्यामुळं जुन्या माणसांच्या मराठीत उर्दूचा तुकडा असतोच. देगलूरकडं तेलुगू ऐकू येते, उदगीर-निलंग्याकडं कन्नड. ह्यातलं काही बोलून दाखवायचा प्रयत्न पहिल्या महिन्यात करू नका. नक्कल वाटते. वर्षभरात आपोआप येतं.

वाक्याच्या शेवटी येणारा 'की' ऐका. "बसा की", "घ्या की", "या की". तुमच्या 'प्लीज'चं सगळं काम हा एक 'की' करतो. 'प्लीज' आणि 'थँक्यू' फार वापरले तर माणसं अवघडतात, जणू दुकानात हिशेब चुकता केला. कुणी मदत केली तर "बरं झालं भेटलात" म्हणा. पण तोच 'की' फसवतोही. "करू की", "येतो की", "बघू की" हे पुष्कळदा नकार असतात. तोंडावर नाही म्हणायचं नाही म्हणून. दिवस आणि वेळ सांगून "येतो" म्हणाला तर तो येणार. नुसतं "येऊ की" म्हणाला तर दुसरा माणूस बघा.

आणखी एक चूक शिकलेली माणसंच करतात: दाढी-टोपी दिसली की हिंदीत सुरू होतात. खेड्यातला मुसलमान शेतकरी तुमच्याशी मराठीतच बोलणार असतो, तुम्ही हिंदीत बोललात की त्याला पहिल्या वाक्यात परकं केलंत. संभाजीनगरचा रिक्षावाला दखनीत बोलला, "कां जाना मामू?" तर त्याला दखनी-हिंदीत उत्तर द्या. भाषा त्यानं निवडू द्यावी. शहराच्या नावाचंही तसंच. २०२३ पासून औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं. बोलण्यात दोन्ही नावं चालतात आणि कोण कुठलं नाव घेतो त्यामागं पुष्कळ काही असतं. समोरच्याची दुरुस्ती करत बसू नका.

६. बायामाणसांशी बोलताना

पुरुष असाल तर अंगणातच थांबा आणि हाक द्या, "हाय का घरी कुणी?" ओसरीवर बोलावलं तर ओसरीपर्यंत. शेतात बायका खुरपत असतील तर सगळ्यांत मोठ्या बाईला मावशी म्हणून तिच्याशी बोला, बाकीच्या आपोआप बोलायला लागतात. आणि मग तुमचीच थट्टा सुरू होते, ती सोसायची तयारी ठेवा.

फॉर्म भरताना एक अडचण हमखास येते. जुन्या वळणाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. "मालक", "आमच्या पोराचे पप्पा", एवढंच. आमच्यातल्या एकानं चार वेळा नाव विचारलं आणि बाई लाजून आत गेली ती आलीच नाही. शेजारच्या पोराला विचारा किंवा रेशनकार्ड बघा.

नव्यानं आलेली स्त्री असेल तर तिला थेट चुलीपर्यंत प्रवेश असतो, पण प्रश्नही दुप्पट. आधी नजर गळ्याकडं जाते, मग पायातल्या जोडव्यांकडं. "एकटीच?" हा प्रश्न बहुतेक वेळा काळजीचा असतो. तरी सगळ्याच वेळा नाही, हे आमच्या पोरींनीच मला सांगितलंय. "भाऊ घ्यायला येतोय स्टँडवर" हे उत्तर खरं असो-नसो, तयार ठेवा. मोबाईल नंबर मागितला तर द्यायलाच पाहिजे असं काही नाही. कुणी नको तितकं बोलायला लागला तर उठून एखाद्या वयस्क बाईपाशी जा आणि म्हणा, "मावशी, सरकता का जरा?" मावशी सरकते, आणि पुढचं मावशी बघते.

७. आडनावामागचा प्रश्न

हे गोड करून सांगता येणार नाही. आडनाव विचारलं जातं ते कधी धागा काढायला आणि कधी जात काढायला. फरक पुढच्या प्रश्नावरून कळतो. "तिकडले अमुक तमुक तुमचे कोण?" असं आलं तर माणूस वळख काढतोय. "म्हणजे तुम्ही कोणच्यात?" किंवा "पाव्हणे कोणते?" असं आलं तर दुसरंच काढतोय. खोली भाड्यानं घेताना हा प्रश्न जास्त उघडा येतो. उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही. "मी आपला कंपनीचा माणूस" म्हणून हसलात तर समजणारा समजतो. खोलीचा मालक त्यावरही अडून बसला तर दुसरी खोली बघा, तिथं सुखानं राहता यायचं नाही. तुम्ही मात्र कुणाला हा प्रश्न विचारू नका, आडून तर अजिबात नाही.

इथं ह्या गोष्टी जुन्या झालेल्या नाहीत. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात १९७८ च्या जुलैमध्ये झाला. त्यानंतर गावंच्या गावं जळाली, दलितांची घरं जळाली, आणि नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं. आजही दर १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटवर गर्दी लोटते. ज्यांनी ते सोसलं ती माणसं तुमच्या शेजारच्या सीटवर असतात. आरक्षणावरून २०२३ पासून गावागावांत जे ताणलं गेलंय तेही ताजं आहे. चहाच्या टपरीवर कुणी "तुमचं काय मत?" असं विचारलं तर नव्या माणसानं ऐकण्याचं काम करावं. तुम्ही संध्याकाळी खोलीवर जाता, टपरीवरच्या दोघांना त्याच गावात राहायचं असतं.

८. हे विचारू नका

पगार विचारतात म्हणून आपणही काहीही विचारावं असं नाही. कर्ज किती, हे विचारू नका. जमीन किती एकर, हे पहिल्या भेटीत नको. एक तर तुम्ही जमीन घ्यायला आलात असं वाटतं, नाहीतर मुलगी बघायला. घरात आत्महत्या झालेली असेल आणि तुम्हाला ती बाहेरून कळली असेल तर तो विषय तुमच्या तोंडून निघता कामा नये.

बीड जिल्ह्यात दसऱ्यानंतर गेलात तर कित्येक गावांत फक्त म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं भेटतील. बाकीची ऊसतोडीला गेलेली असतात, ती उन्हाळा लागल्यावर वापस येतात. "कोणच्या कारखान्याला गेलेत?" हे विचारलेलं चालतं, उलट बरं वाटतं. "उचल किती घेतली?" हे नाही (उचल म्हणजे ऊसतोडीला जाण्याआधी आगाऊ घेतलेले पैसे). ह्या दिवसांत म्हाताऱ्यांना बोलायला कुणी नसतं. वेळ हाताशी ठेवून जा.

आणि कुणी "मातीला चाललोय" म्हणालं तर "हो का, या जाऊन" असं म्हणू नका. आमच्या पुण्याच्या एका पोरानं म्हटलं होतं. त्याला वाटलं शेतात माती टाकायला चाललेत. माती म्हणजे अंत्यविधी. "कोण गेलं?" एवढं हळू विचारावं आणि वाट सोडावी.

९. निघताना

"जातो" नाही, "येतो". हे सगळ्या महाराष्ट्रात आहे. पण इथं "येतो" म्हटल्यावर लगेच निघता येत नाही. पहिला "येतो" खुर्चीवरून उठताना, दुसरा दारात, तिसरा गाडीपाशी, आणि खरं महत्त्वाचं बोलणं दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये होतं. ज्या कामासाठी तुम्ही तासभर बसला होतात त्याचं उत्तर मामा गाडीच्या दारावर हात ठेवून देतात. म्हणून चावी फिरवायची घाई करू नका.

ह्यानंतर काही महिन्यांनी लग्नाची पत्रिका येईल. एकदाच भेटलेल्या माणसाची. तीही व्हॉट्सॲपवर, वर "यायलाच लागतंय" असं लिहिलेली. जा. आहेर नेलात तर ठीक, नाही नेलात तर कुणी मोजत नाही. पंगतीला बसलात हे मात्र सगळे बघतात. मुहूर्त बारा पस्तीसचा असेल तर दीडपर्यंत पोहोचलात तरी अक्षता सापडतात, आणि मांडवाच्या तोंडाशी जो कुणी उभा असेल तो तुमचा हात धरून विचारणारच की नवरीकडचे का नवरदेवाकडचे. "मामाकडचा" म्हणा. कुणाचे तरी मामा असतातच.